नवी लोकर घ्यायची नाही: एका संकल्पाचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत स्वेटर कुठून आला? तर मी स्वेटरवर बोलणारच नाहीये. मी बोलणार आहे स्वेटर होण्याआधीच्या लोकरीवर. कपाटात, ट्रंकेत, पलंगाच्या खणात भरून ठेवलेली लोकर. आणि तिच्याकडे बघून विणणारं माणूस जो संकल्प करतं, त्यावर: यंदा नवी लोकर घ्यायची नाही, आहे ती आधी संपवायची.

तुमच्यातल्या काही जणी हसल्या, म्हणजे संकल्प ओळखीचा आहे.

इंग्रजी बोलणाऱ्या विणकरांमध्ये या साठ्याला 'स्टॅश' म्हणतात. मूळ अर्थ लपवून ठेवलेला माल. त्यांच्यात एक विनोदी शब्दही आहे, 'सेबल', म्हणजे उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी झालेली लोकर. 2007 मध्ये 'रॅव्हलरी' नावाचं विणकरांचं संकेतस्थळ सुरू झालं. तिथे हातात असलेल्या कामांची एक यादी, पुढे करायच्या कामांची दुसरी आणि साठ्याची तिसरी ठेवता येते. तीन याद्या! पहिल्या यादीतली अर्धी कामं एका बाहीवर अडकलेली असतात आणि तिसरी यादी वाढतच जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

संकल्प ऐकायला जुना वाटतो, आपल्या व्रत-नेमांसारखा. पण तो करायला आधी घरात साठा असावा लागतो, आणि विणणाऱ्या बाईच्या घरात लोकर पडून आहे, ही इतिहासात फार अलीकडची गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथलं विणकाम जगभर नावाजलेलं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायका पाठीवर पीटची, म्हणजे जळणाची, टोपली घेऊन चालतानासुद्धा विणत असत. त्यांच्या शाली आणि मोजे व्यापारी घेत, पण मोबदला रोख देत नसत. चहा, कापड, असा दुकानातला माल गळ्यात मारत. 1872 मध्ये सरकारी आयोगापुढे या बायकांच्या साक्षी झाल्या. त्यातली एक गोष्ट मला फार बोचते. विणलेल्या मालाच्या बदल्यात लोकर मागितली, तर ती सहसा मिळत नसे, कारण लोकर ही रोखीची वस्तू मानली जाई. म्हणजे बोटांत कसब आहे, दिवस मोकळा आहे, पण पुढची शाल सुरू करायला सूत नाही. या बाईला 'लोकर घेणं बंद करा' असं कोण सांगणार?

मग साठा होता कुठे? बराच काळ तो दुकानात होता. विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या लोकरीच्या दुकानांत एक चांगली पद्धत होती. तुम्हाला माहीत असेल, लोकर खेपेखेपेने रंगवतात आणि प्रत्येक खेपेची छटा किंचित वेगळी येते. गुंड्यावरच्या कागदावर म्हणूनच खेपेचा क्रमांक असतो. दोन खेपा एका स्वेटरात मिसळल्या, तर पाठीवर पट्टा उठतो. दुकानात दिसत नाही, उन्हात उभं राहिलं की दिसतो. तर दुकानदार एकाच खेपेचे लागतील तितके गुंडे गिऱ्हाइकाच्या नावाने बाजूला काढून ठेवी. बाई आठवड्याला एक-दोन गुंडे नेई, पैसे हातात येतील तसे. उरले तर ते दुकानातच राहत. आज ही सोय बहुतेक ठिकाणी नाही. पुन्हा ती खेप मिळणार नाही या भीतीने आपण दोन गुंडे जास्तीचे घेतो. स्वेटरामागे दोन गुंडे, असे वीस स्वेटर! दुकानाचं कोठार असं गुपचूप आपल्या घरात आलं आणि भाडंही आपणच भरतोय.

आता 1941 कडे येऊ, कारण नवी लोकर न घेण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तेव्हा ब्रिटनमध्ये झाला, आणि तो कुणाच्या मनातल्या संकल्पाने नाही, तर सरकारी हुकमाने.

1 जून 1941, रविवार. व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनी रेडिओवरून जाहीर केलं, की आजपासून कपड्यांना रेशन. दिवस मुद्दाम निवडला होता. रविवारी दुकानं बंद आणि दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी. गुप्तता अशी, की कपड्यांची कूपनं आधी छापलीच नव्हती. रेशन-पुस्तकातली मार्गारिनची शिल्लक कूपनं सुरुवातीला वापरायला सांगितली. का? सरकारला भीती होती ती नेमकी कपाटांची. दोन दिवस आधी कुणकुण लागली असती, तर ऐपत असलेल्यांनी कपाटं भरली असती आणि बाकीच्यांना रिकामी दुकानं दिसली असती.

पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं. बाईच्या लोकरी पोशाखाला 11, पायमोज्यांच्या जोडीला 2, तयार जंपर किंवा कार्डिगनला 5. आणि विणायच्या लोकरीला दर दोन औंसांमागे 1 कूपन. दोन औंस म्हणजे साधारण 57 ग्रॅम. आता हिशोब करा. तयार कार्डिगनच्या पाच कूपनांत दहा औंस लोकर येते. तुमच्या स्वेटराला त्याहून जास्त लोकर लागली, तर घरी विणणं कूपनांच्या हिशोबात तोट्याचं. म्हणून त्या काळचे जंपर आखूड, अंगासरशी, पुष्कळदा अर्ध्या बाह्यांचे दिसतात. आपण जुने फोटो बघून म्हणतो, काय छान फॅशन होती! त्या फॅशनमागे तागडी होती.

मग लोकर आणायची कुठून? जुन्या स्वेटरातून. 1943 मध्ये व्यापारमंत्रालयाने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा, दुरुस्त करा, असा तिचा सूर. तीत जुनं लोकरी उसवून पुन्हा विणण्याचा सल्ला होता.

इथे थोडं थांबते, कारण 'उसवणे' ही क्रिया समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मराठीत आपण कापड विणतो, बाज विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो. क्रियापद एकच, पण रचना वेगळी. मागावरच्या कापडात उभे-आडवे शेकडो धागे असतात. ते सोडवले, तर हाती नुसते तुकडे येतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच लांब धागा फास घेत घेत पुढे जातो. म्हणून तो आल्या वाटेने परत जाऊ शकतो. शिवणी जपून सोडवायच्या, टाके जिथे बंद केलेत ते टोक शोधायचं आणि ओढायला लागायचं. शेवटचा टाका आधी सुटतो, पहिला शेवटी. सुटलेला धागा शेवयांसारखा नागमोडी असतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करायची, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधायची, कोमट साबणपाण्यात बुडवायची, खाली थोडं वजन लावून वाळत घालायची. वाळली की लोकर बरीचशी सरळ होते. कोपरावरचा झिजलेला भाग काढून टाकायचा. गरम पाण्यात आटून नमद्यासारखा घट्ट झालेला स्वेटर मात्र उसवत नाही, त्याच्यापुढे हात टेकायचे. तुकडे उरले, तर शेटलंडच्याच फेअर आयल पद्धतीने पट्ट्यापट्ट्यांत रंग बदलत विणायचं, कारण तिथे एका रंगाचं सूत थोडंच लागतं. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत, तसंच हे. फरक इतकाच, की गोधडीतलं लुगडं लुगडं म्हणून ओळखू येतं. उसवलेला स्वेटर मागे काहीच खूण ठेवत नाही.

ही सक्ती चालली 15 मार्च 1949 पर्यंत. जवळजवळ आठ वर्षं.

आता यातली गंमत सांगते. गंमत म्हणायची की आणखी काही, तुम्ही ठरवा. बायका दोन दोन औंसांना कूपन मोजत होत्या, तेव्हा जगात लोकर कमी होती का? अजिबात नाही. युद्ध सुरू होताच 1939 मध्ये ब्रिटिश सरकारने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची सगळी लोकर विकत घेण्याचे करार केले होते. मेंढ्यांना युद्ध कळत नाही. त्या दरवर्षी लोकर देत राहिल्या. कमी होती ती जहाजं, गिरण्यांतले हात आणि लष्करी कापडातून उरलेला वेळ. परिणाम असा, की 1945 मध्ये युद्ध संपलं, तेव्हा सरकारी खात्यावर एक कोटीहून अधिक गाठी लोकर पडून होती. घरातल्या कपाटावर पहारा बसवणाऱ्या सरकारकडेच सर्वांत मोठं कपाट! तो साठा एकदम बाजारात ओतला असता, तर मेंढपाळ बुडाले असते. म्हणून ब्रिटन आणि वसाहतींनी मिळून एक संयुक्त संस्था काढली आणि नव्या लोकरीच्या बरोबरीने जुनी हळूहळू विकायला सुरुवात केली. दहा-बारा वर्षं लागतील असा अंदाज होता. पण युद्धानंतर कपड्यांची भूक मोठी होती, पुढे कोरियाचं युद्ध आलं, भाव भडकले आणि त्या दशकाच्या सुरुवातीलाच साठा संपला.

तिथून ऑस्ट्रेलियाने काय धडा घेतला? माझ्या मते चुकीचा. साठा करा, भाव येतो, विकला जातो. 1974 पासून तिथे लोकरीला किमान भाव ठरवला गेला. बाजार त्याच्या खाली गेला, की महामंडळ स्वतः गाठी उचलणार. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो भाव इतका वर नेला, की मेंढपाळांनी कळप वाढवले आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. फेब्रुवारी 1991 मध्ये योजना कोसळली, तेव्हा गोदामांत 47 लाख गाठी होत्या. मेंढ्या गोळ्या घालून पुराव्या लागल्या. आणि त्या साठ्यातली शेवटची गाठ विकली गेली ऑगस्ट 2001 मध्ये. घ्यायचं थांबवल्यानंतर साडेदहा वर्षांनी.

हे मी विणकामाच्या व्याख्यानात का सांगतेय? कारण तिथेही घेणारा एक आणि वापरणारा दुसरा होता. महामंडळ घेत होतं भावाकडे बघून. गिरण्या वापरत होत्या मागणीकडे बघून. आपल्या घरातही हे दोघे असतात, फक्त एकाच अंगात. घेणारी बाई रंगाकडे बघते, तिला दहा मिनिटं लागतात. विणणारीला त्याच लोकरीवर दोन महिने बसायचं असतं. माझ्या समजुतीप्रमाणे संकल्प मोडतो तो इथे. त्यात घेणारीला तंबी दिलेली असते, पण विणणारी वर्षाला किती विणते, हे कुणी मोजलेलंच नसतं.

महाराष्ट्रात आपली थंडी ती केवढी! आपल्याकडचं विणकाम म्हणजे बाळंतविडा: टोपडं, मोजे, झबलं, दुपटं. 1962 च्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तसा काळ सोडला, तर लोकर आपल्याकडे थोडीच लागे. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडी होते, टोपडं नाही. आणि आज दुकानात आपण 'लोकर' म्हणून घेतो, ती बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. 1950 च्या सुमारास तो अमेरिकेत बाजारात आला. स्वस्त, रंगीत, मशीनमध्ये धुता येणारा. पण त्याने एक जुना अंकुश काढून घेतला. खऱ्या लोकरीला कसर लागते. ती फार वर्षं विसरून ठेवली, तर ट्रंकेत भुगा सापडतो. त्या भीतीने तरी माणूस वर्षातून एकदा ट्रंक उघडून बघायचा. ॲक्रिलिकला कसर खात नाही. तुम्ही विसरलात तरी ते तसंच राहतं.

माझी एक मावशी होती, पुण्याची. ती गेल्यावर तिचं कपाट आम्ही बहिणींनी आवरलं. लोकर वाटून टाकणं सोपं होतं, तासाभरात झालं. अवघड होत्या त्या अर्धवट गोष्टी. सुया तशाच अडकवलेले सात तुकडे निघाले. एक राखाडी पाठ, काखेपर्यंत आलेली. कुणाच्या मापाची? नमुना कुठला? घरात विणणाऱ्या तिघी, पण दुसरीच्या हाताचा ताण वेगळा पडतो. पुढे विणलं, तर तिथे रेघ दिसते. सुया काढल्या तर टाके सुटणार, ठेवल्या तर ते तसंच राहणार. साठा मोजताना आपण गुंडे मोजतो. सुयांवरची लोकर कुणी मोजत नाही, आणि मागे राहणाऱ्यांची अडचण तिचीच असते.

तिची एक वही मात्र सापडली. ती प्रत्येक स्वेटर झाला, की तो काट्यावर ठेवून वजन लिहायची. 410 ग्रॅम, 385 ग्रॅम, पुढे तारीख. शेवटच्या दहा वर्षांत वर्षाला सरासरी दोन स्वेटर, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. आणि कपाटात निघाली साडेअकरा किलो. वहीच्या मागच्या पानावर तिने हाच भागाकार करून ठेवला होता. उत्तर पंधरा आलं होतं, त्याला पेन्सिलीने गोल केला होता. तेव्हा ती 74 वर्षांची होती. त्या पानानंतरच्या नोंदींत 'आणली' असा शब्द एकदाच येतो, त्याच्यापुढे 'पांढरी, 1 गुंडा, बाळासाठी' असं लिहिलं आहे. 'उसवला' मात्र चार वेळा.

राखाडी पाठ मीच उसवली. लड करून धुतली, वाळवली. भरली 170 ग्रॅम.

कसरीवर आणि ॲक्रिलिक ओळखायचं कसं यावर तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या आता घेऊ.