निवडणाऱ्याचे काम

नवी मुंबई हे आज साठ्याचे शहर आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात आणि पनवेलच्या बाजूला डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. इंटरनेटवरचा केवढा तरी मजकूर तिथल्या यंत्रांवर अष्टौप्रहर जपला जातो. शहराच्या दक्षिण टोकाला, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे आणि तिच्याकडे फार जुना साठा आहे. १८४१ पासून आधी कुलाब्याला आणि मग अलिबागला घेतलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी या संस्थेकडे वारशाने आल्या. साठे दोन्ही मोलाचे आहेत, पण साठा आपण होऊन कुणाला काही सांगत नाही. त्यातले काय वाचण्याजोगे आहे ते शोधणारा, ते वाचकाच्या भाषेत आणणारा आणि योग्य गोष्टीशेजारी ठेवणारा माणूस मध्ये लागतो. मराठीत या माणसाला आपण संपादक म्हटले, संकलक म्हटले, कधी नुसताच ‘इकडचे तिकडचे जमवणारा’ म्हणून बाजूला सारले. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा पुरावा मात्र सांगतो की मराठी वाचकाला विज्ञान आणि संस्कृती यांची ओळख मुख्यतः याच माणसाने करून दिली. त्याचे काम दुय्यम नव्हते आणि आज ते अनावश्यकही झालेले नाही.

या परंपरेचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांपासून धरावा लागतो. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले, म्हणून ते मराठी पत्रकारितेचे जनक ठरले आणि त्या दिवशी आपण पत्रकार दिन पाळतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे नियतकालिक अधिक महत्त्वाचे आहे. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झाले आणि त्याच वर्षी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतले पहिले मासिक निघाले. त्यात बातमीला गौण स्थान होते. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास, व्यापार अशा विषयांवर इंग्रजी ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून निवडलेली माहिती मराठी वाचकाला समजेल अशा रीतीने देणे, हा त्याचा हेतू होता. जांभेकर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवत होते, काही काळ कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी सांभाळले, आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती त्यांच्याच संपादनाखाली शिळाप्रेसवर निघाली. म्हणजे निसर्गाच्या नोंदी, परदेशी विज्ञान आणि मराठीचा थोर ग्रंथ हे तिन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. हा माणूस १८४६ मध्ये, चौतीस वर्षांचा असताना गेला. त्याने स्वतःचा कोणताही नवा वैज्ञानिक शोध मागे ठेवला नाही. तरीही त्याच्यावाचून मराठीतल्या विज्ञानलेखनाचा इतिहास सुरू करता येत नाही, आणि निवडीच्या कामाचे मोल इथेच दिसू लागते.

जांभेकरांनंतर हे काम एकट्यादुकट्याचे राहिले नाही. एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या प्रयत्नांतून ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली आणि १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. ते १८६७ पर्यंत चालले. त्याच वर्षी रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखाली ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले आणि पुढे सत्तर वर्षे, १९३७ पर्यंत, टिकले. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी याच मासिकातून क्रमशः आली आणि तिच्या जोडीला इतिहास, भाषा, शास्त्र, ग्रंथपरीक्षण असा मजकूर छापला गेला. मिश्र मजकुराचे मासिक म्हणजे विषयांची नुसती गर्दी नव्हे. कादंबरीचे पुढचे प्रकरण वाचायला अंक उघडणाऱ्यासमोर न मागितलेला एखादा शास्त्रीय लेखही येत होता आणि शास्त्राच्या ओढीने आलेल्यासमोर व्याकरणाचा वाद येत होता. जे वाचायचे आहे ते वाचक स्वतः शोधतो. जे आहे हेच ठाऊक नाही ते तो शोधणार कसे? त्याची गाठ पडण्यासाठी कुणीतरी ते त्याच्या वाटेत ठेवावे लागते. या मासिकांची खरी ताकद एकेका लेखात जितकी होती तितकीच लेखांच्या शेजारात होती.

शेजाराची ही ताकद कळायला नवी मुंबईचेच उदाहरण पुरेसे आहे. साठच्या दशकात मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी वेगळी कल्पना मांडली. शहर उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवे शहर वसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना हरकती-सूचनांच्या सरकारी फायलीत विरून जाऊ शकली असती. पण जून १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावर विशेषांक काढला आणि त्यात ती सविस्तर छापली. ‘मार्ग’ हे मुल्कराज आनंद यांनी सुरू केलेले कलेचे आणि वास्तुकलेचे नियतकालिक होते. शिल्पे, चित्रे आणि मंदिरे यांच्याबद्दल वाचणाऱ्यांसमोर रेल्वे, जमीन आणि लोकसंख्या यांचा प्रश्न आला आणि नगररचना हा केवळ खात्याचा विषय उरला नाही. १७ मार्च १९७० रोजी हे नवे शहर वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली त्यामागे राजकीय निर्णय होते, अर्थकारण होते. सारे श्रेय एका अंकाला देणे चुकीचे ठरेल. पण ती कल्पना तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर नेण्याचे काम एका संपादकीय निवडीने केले, हे मान्य करायला हवे.

विसाव्या शतकात निवडीचे हे काम आणखी पसरले. १९२० मध्ये कारखान्याची ‘खबर’ म्हणून किर्लोस्करवाडीला सुरू झालेले पत्र शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिकापर्यंत वाढवले आणि यंत्रयुगाची, नव्या राहणीची माहिती मध्यमवर्गीय घरांत पोचवली. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघाले. अमेरिकेत १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘रीडर्स डायजेस्ट’ने निवडक मजकूर थोडक्यात देण्याचा साचा जगभर लोकप्रिय केला आणि स्वातंत्र्यानंतर नाशिकच्या ‘गावकरी’ परिवारातून निघालेल्या ‘अमृत’ने तोच साचा मराठीत रुजवला. २४ एप्रिल १९६६ रोजी मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची पत्रिका सुरू झाली. या यादीतली कितीतरी पाने आज शिळी वाटतील. पण तिच्यातून एक सातत्य दिसते. मराठीत शिकलेल्या पिढ्यांना अणू, जंतू, ग्रहगोल आणि दूरचे देश यांची पहिली ओळख बहुधा मूळ शोधनिबंधातून झाली नाही. ती अशा निवडलेल्या, उतरवलेल्या मजकुरातून झाली.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे उसने ज्ञान आहे. दुसऱ्याने शोधायचे, दुसऱ्याने लिहायचे आणि आपण वेचून मराठीत आणायचे, यातून भाषेला स्वतःचे विज्ञान मिळत नाही. आक्षेपात तथ्य आहे. दीडशे वर्षे मासिके निघूनही मूळ संशोधन मराठीत लिहिले गेले नाही. पण त्याचा दोष निवडणाऱ्यावर टाकता येत नाही. उच्च शिक्षण आणि संशोधन इंग्रजीत राहिले याची कारणे वेगळी आहेत. शिवाय शोध आणि निवड यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी मोठी भिंत नसते, हे कुलाब्याच्या नोंदींवरूनच दाखवता येते.

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेवरची ट्राम येणार आणि तिच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडणार हे ओळखून अलिबागला नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. काही काळ दोन्हीकडे समांतर वाचने घेतली गेली, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. मग मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी तपासून, लावून, चर्चेसह १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरचा प्रचंड उद्रेक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी इंग्लंडमधल्या छायाचित्रण करणाऱ्या उपकरणांची रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्याला मात्र माणसे डोळ्यांनी वाचन करून लिहीत होती, म्हणून त्या वादळाचा आकडा शिल्लक राहिला. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना व एस. अलेक्स यांनी त्या नोंदींवर निबंध प्रसिद्ध केला. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याचे त्यात दाखवले होते. मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली, त्याचे जागतिक निर्देशांकावरचे माप ६०० च्या आतले होते. तासाची सरासरी धरली तर १८५९ चा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, असे इतर अभ्यासकांनी नंतर मांडले, आणि हा वाद होऊ शकला तोही मूळ नोंद नीट जपलेली आणि उघड होती म्हणूनच. उपग्रह आणि वीजजाळी यांना सूर्यापासून किती धोका संभवतो, हे ठरवताना आज जगभर या नोंदींचा आधार घेतला जातो. नवा प्रयोग न करता, जुन्या कागदातले नेमके काय महत्त्वाचे ते ओळखून मिळालेले हे विज्ञान आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निवडतो कोण? ‘दिग्दर्शन’पासून ‘विविधज्ञानविस्तार’पर्यंत निवडणारे हात बहुतेक इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीय पुरुषांचे होते. त्यांना जे जाणण्याजोगे वाटले तेच ज्ञान ठरले. शेतकऱ्याचे, कारागिराचे, स्त्रियांचे जाणतेपण त्यात क्वचित आले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या अन्यायावर उपाय कोणता निघाला तेही पाहावे. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढले आणि धर्मप्रचाराच्या हेतूने का होईना, शास्त्रीय माहिती देताना पुराणातल्या भूगोल-खगोलाला आव्हान दिले. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ पासून निघत होते आणि रूढींवर टीका करणारी लोकहितवादींची शतपत्रे त्यातच छापली गेली. १८७७ मध्ये सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले आणि शेतकरी-कामकऱ्यांच्या बाजूने जगाकडे पाहणारी निवड उभी केली. एकाच्या निवडीवरचा उतारा म्हणून निवड बंद झाली नाही. दुसऱ्याने दुसरी निवड मांडली. निवडणाऱ्याचे नाव, भूमिका आणि ठिकाण वाचकाला ठाऊक होते, म्हणून त्याला उत्तर देता आले. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशावर किंवा लक्ष्मणशास्त्री जोशींच्या विश्वकोशावर टीका करता येते तीही याच कारणाने. पक्षपात प्रत्येक निवडीत असतो. तो नावानिशी असला की त्याच्याशी भांडता येते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता सगळेच सगळ्यांना उपलब्ध आहे, शोधयंत्र आहे, आपल्या आवडीचे समोर आणून ठेवणारी गणिते आहेत. मग मधला माणूस कशाला? याचे उत्तर दुसऱ्या आक्षेपाच्या उत्तरातच दडलेले आहे. आवडीनुसार मजकूर दाखवणारी यंत्रणाही निवडच करते, पण ती निवड कोणत्या कारणाने केली ते वाचकाला सांगितले जात नाही आणि चूक झाली तर जाब विचारायला संपादक सापडत नाही. तिचा आधार मुख्यतः वाचकाने आधी काय पाहिले आणि त्याच्यासारख्या इतरांनी काय पाहिले हा असतो. ‘मोचनगड’ वाचायला आलेल्याला ती दुसरी ‘मोचनगड’ देईल. त्याच्या वाटेत चुंबकीय वादळ कशासाठी ठेवावे, याचे कारण तिच्या हिशेबात बसत नाही. शोधयंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि ते मोठेच काम आहे. पण प्रश्न सुचण्यासाठी आधी काहीतरी अनपेक्षित वाचनात यावे लागते. साठा जितका वाढेल तितकी ही गरज वाढते, कारण हजार पानांत हरवलेले पान हुडकता येते, अब्जावधी पानांत हरवलेले पान आहे हेसुद्धा कळत नाही.

म्हणून या जुन्या धंद्याच्या अटी आजही लागू आहेत: मूळ कुठून घेतले ते सांगावे, ते का निवडले ते सांगावे, आणि मराठी वाचकाला उपरे वाटणार नाही अशा भाषेत ते आणावे. ‘दिग्दर्शन’च्या काळात दुर्मिळ होता तो मजकूर. आता मजकूर मुबलक आहे. वेळ काढून तो वाचणारा, पारखणारा आणि आपल्या नावाने पुढे ठेवणारा जाणता माणूस दुर्मिळ झाला आहे. नवी मुंबईसारख्या शहरात यंत्रांसाठी जमीन, वीज आणि पाणी यांची तरतूद नियोजनात होते, कारण साठवण हा उद्योग आहे हे सर्वांना पटलेले आहे. निवड हेही काम आहे, त्यालाही पगार, पद आणि जबाबदारी लागते, हे मात्र अजून ग्रंथालयांना, महापालिकांना, विद्यापीठांना पटायचे आहे. ते पटत नाही तोवर साठा मराठी मुलखात राहील आणि त्यातले काय वाचायचे ते इतर कुणी ठरवील.