झाकले पान, उघडे पान

आमच्या गोव्यात दिवाळीची आदली रात्र नरकासुराची. इंदूरला आतेबहिणीकडे मात्र लक्ष्मीपूजन आटोपले की सतरंजीवर पत्ते पडतात. होळकरांच्या मागोमाग माळव्यात गेलेली ही मराठी घरे. पुरणपोळी दक्षिणेची राहिली, पण दिवाळीची तीन पत्ती तिथली झाली.

ही तीन पत्ती म्हणजे इंग्रजांच्या 'ब्रॅग'ची धाकटी बहीण. पाने न पाहता खेळणाऱ्याला निम्मी बोली, ही 'ब्लाइंड'ची सोयसुद्धा तिकडचीच. तिन्ही पाने झाकलेली, त्यामुळे वाचायचे ते समोरच्याचे तोंड.

स्टड पोकर अमेरिकेत यादवी युद्धाच्या (1861-65) सुमारास रूढ झाला. पाच पत्त्यांच्या स्टडमध्ये एक पान झाकलेले, मग चार उघडी, आणि प्रत्येक उघड्या पानानंतर बोली. सात पत्त्यांत आधी दोन झाकलेली, मग चार उघडी, शेवटचे पुन्हा झाकलेले. सातांतून उत्तम पाच निवडायची. डाव सोडून गेलेल्यांची उघडी पानेही लक्षात ठेवावी लागतात. 'रॅझ' या प्रकारात तर सर्वांत हलका हात जिंकतो! पुढे टेक्सास होल्डेमने स्टडला मागे सारले.

आमच्या जुगारबंदीच्या 1976 च्या कायद्यात 1996 साली दुरुस्ती झाली आणि बोटींवरच्या जुगाराला वाट मिळाली. मांडवीतल्या अशाच एका बोटीवर भावोजी 'कॅरिबियन स्टड' खेळायला बसले. यात लढत इतर खेळाडूंशी नसून कॅसिनोशी. त्याच्या पाच पानांतले एकच उघडे दिसते. भावोजींकडे सिक्वेन्स, कॅसिनोकडे कलर. इंदुरी नियमाने भावोजी जिंकले होते, पण चिप्स गेल्या. "फसवलं रे!" म्हणून घरी येईपर्यंत धुसफुसत राहिले.

फसवले कोणी नव्हते. तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स मोठा. पाच पानांत उलटे होते: सिक्वेन्स 10,200, कलर 5,108. जे दुर्मीळ ते वरचे, एवढाच हिशेब.

मग मीच कागदावर पुढची बेरीज मांडली. तीन पत्तीत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स 48. म्हणजे गणिताने प्युअर सिक्वेन्स वर हवा. तरी ब्रॅगपासून मान ट्रेललाच. भावोजींनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"हे इंदुरात कोणाला सांगू नकोस," म्हणाले. "तीन एक्के आले तर मी काय गणित करत बसू?"