परवान्याचा गांजा

गोंदिया जेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत होते, तेव्हा गांजा सरकारी परवान्याने विकला जाई, पीक खांडव्याकडचे. १८९३ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासता, वेडाचे कारण ‘गांजा’ असे पोलिसांच्या कागदावरून नुसते उतरविलेले पुष्कळदा आढळले. बंदी नको, कर व परवाना असावा, असे कमिशनने सुचविले. (महसूलही सरकारला प्रिय होताच.)

१९८५ च्या कायद्याने गांजा गुन्हा ठरला. भांगेची पाने तेवढी वगळली. व्यसनी मुलाला दवाखान्यात न्यावे तर पोलीस धरतील, या धास्तीने काही माता रात्रीच आमच्याकडे येतात. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यातून सूट देणारे त्याच कायद्यातील कलम ६४-अ आम्ही त्यांना वाचून दाखवितो.