माकडताप : एका विषाणूच्या उगमाचा शोध

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एखाद्या गावात साथ आली की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘हा रोग कोणी आणला?’ शास्त्रज्ञ मात्र वेगळा प्रश्न विचारतो, ‘हा रोग आला कोठून?’ दोन्ही प्रश्न ऐकायला सारखे वाटतात. पण पहिल्यातून आरोपी मिळतो, तर दुसऱ्यातून कारण. माणसाला होणाऱ्या कितीतरी विषाणुजन्य रोगांचे मूळ प्राण्यांत आहे. पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रेबीज आपणा सर्वांस ठाऊक आहे. एड्सच्या मुख्य विषाणूचा उगमही मध्य आफ्रिकेतील चिंपांझींपर्यंत जाऊन पोहोचतो. असे मूळ शोधतात तरी कसे? आपल्या शेजारच्या मुलखात घडलेली एक हकीकत त्यासाठी पाहू या.

सन १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. तेथील क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ लाकूडफाट्यासाठी व गुरे चारण्यासाठी रानात जाणारी माणसे तापाने फणफणली. असह्य डोकेदुखी, अंग मोडून येणे, काहींच्या नाकातोंडातून रक्त. त्या वर्षी चारशेहून अधिक माणसे आजारी पडली. गावकऱ्यांनी कानडीत त्याला नाव दिले ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार. माकडांचा व माणसांचा संबंध त्या साध्या माणसांनी प्रयोगशाळेच्या आधीच ओळखला होता, हे लक्षात ठेवा.

ही वार्ता पुण्यास पोहोचली. तेथे १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र काम करीत होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क व त्यांचे सहकारी यांच्या मनात प्रथम आली ती पीतज्वराची शंका, कारण दक्षिण अमेरिकेत त्या रोगाने माकडे मरतात. आशिया खंडात पीतज्वर कधीच आला नव्हता. तो पसरविणारा डास मात्र आपल्या घरोघर होता. शंका खरी ठरती तर केवढा अनर्थ झाला असता, याची कल्पना करा!

पण शास्त्र शंकेवर थांबत नाही. मेलेल्या माकडांचे अवयव व रुग्णांचे रक्त पुण्यात तपासले गेले. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते निघाले रशियाच्या अरण्यात १९३७ साली सापडलेल्या, गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदुज्वराच्या विषाणूशी. मग जंगलातील गोचिडी तपासल्या, आणि त्यांच्यातही तोच विषाणू मिळाला. हे काम जोखमीचे होते. प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांनाही या रोगाची लागण झाली.

आता नवे कोडे पडले. रशियाचा नातेवाईक शिमोग्यात कसा? दर हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील काय? मुंबईचे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम उभारली. पक्ष्यांवरील आरोप काही सिद्ध झाला नाही. तथापि पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी अमोल माहिती देशाला मिळाली. एका प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरेच दालन उघडते, ते असे.

पुढे १९९५ साली सौदी अरेबियातील जिद्दा येथे आजारी खाटकांच्या रक्तात या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद सापडला. म्हणजे हे घराणे जुने आणि दूरवर पसरलेले आहे.

मग शिमोग्यात ते १९५७ सालीच का डोके वर काढते? रानातील उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान प्राणी व गोचिडी यांच्यात विषाणू गुपचूप फिरत असतो. जंगल तोडून शेती वाढली, गुरे रानात शिरली. गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या, वाढल्या. माकड या विषाणूने मरते तेव्हा त्याच्या अंगावरील गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तेथून जाणाऱ्या माणसाला चावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही. तेव्हा रोग आपल्या घरी चालत आला नाही, आपणच त्याच्या घरात शिरलो. आणि माकड? ते गुन्हेगार नव्हे. आपल्या आधी मरून आपल्याला इशारा देणारे ते बिचारे साक्षीदार होय.

ही केवळ दूरची कथा नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा माकडताप पोहोचला. काजूच्या हंगामात बागांत राबणारे मजूर त्याला बळी पडले. शंभर रुग्णांमागे सुमारे तीन ते पाच दगावतात, आणि या रोगावर रामबाण औषध नाही. म्हणून त्या भागातील पालकांना सांगणे आहे की डिसेंबर ते मे या काळात रानात वा बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य खात्याचे गोचीड-प्रतिबंधक तेल लावा, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंग तपासा. मेलेले माकड दिसल्यास हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्रास कळवा. ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एवढेच सांगणे. पीतज्वर, रशिया, पक्षी, अशी एकेक अटकळ बांधली गेली आणि पुराव्याच्या कसोटीवर न उतरताच सोडून दिली गेली. म्हणूनच खरे कारण हाती लागले. उद्या एखादी साथ आली आणि लोक कोणा प्राण्याकडे, पक्ष्याकडे किंवा माणसाकडे बोट दाखवू लागले, तर तुम्ही त्यांच्यात सामील होऊ नका. ‘पुरावा काय?’ असे विचारा. शिक्षण घेतल्याची खूण हीच.