पुढच्या चाकांचं ओझं

इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना द्यावी की चारही चाकांना, हा स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमधला वाद चार दशकांहून अधिक काळ मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, मागच्या चाकांनी ढकलावं आणि पुढच्यांनी वळवावं, ही कामाची वाटणी मोडली की गाडीतला जीवच जातो. दुसरा पक्ष म्हणतो, चार पाय असताना दोनच वापरायचे हा कुठला शहाणपणा. या वादाचा इतिहास बहुतेक वेळा प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो: आधी जुनं तंत्र होतं, मग १९८० साली ऑडीची क्वाट्रो आली आणि नव्या तंत्राने जुन्याला मागे टाकलं. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण पुराव्याला उतरत नाही. चारही चाकं ओढणारी शर्यतीची गाडी क्वाट्रोपेक्षा जवळजवळ ऐंशी वर्षांनी जुनी आहे. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने सहा सिलिंडरची तशी गाडी १९०३ सालीच बनवली होती, आणि बुगाटीनेही १९३२ मध्ये हा प्रयोग करून पाहिला. मग मधली इतकी वर्षं हे तंत्र अडगळीत का पडलं? माझ्या मते याचं उत्तर यंत्रात नाही, टायर आणि रस्ता जिथे भेटतात त्या तळहाताएवढ्या जागेत आहे. इंजिनाची ताकद टायरच्या पकडीच्या फार पुढे गेली की पुढच्या चाकांना कामाला लावावं लागतं. पकड ताकदीला गाठते तेव्हा तीच चाकं ओझं होतात.

हे ओझं म्हणजे नुसतं वजन नव्हे. टायरची पकड हे एकच खातं असतं. वळताना त्यातून जितका खर्च होतो तितकं वेग घ्यायला उरत नाही. पुढच्या चाकांच्या खात्यावर वळणाचा खर्च आधीच पडलेला असतो. त्यांनाच ओढायलाही लावलं, तर रस्ता चांगला असताना गाडी वळणात बाहेरच्या बाजूला पसरते आणि स्टिअरिंग जड होतं. शिवाय वाढीव शाफ्ट, वाढीव डिफरन्शिअल, त्यांचं घर्षण. एवढा सगळा खर्च सोसायचा तर बदल्यात मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरत असायला हवीत. चिखलात रुतलेल्या गाडीला हे कुणी शिकवावं लागत नाही, म्हणूनच आपल्याकडे फोर-व्हील ड्राइव्ह म्हटलं की अजून आधी जीपच आठवते. कोरड्या, गुळगुळीत डांबरावर मात्र मागची चाकं तशी फिरायला इंजिनात बराच दम लागतो, आणि त्या दमाची कसोटी शर्यतीच्या गाड्यांमध्ये साठच्या दशकात लागली.

त्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॅक्टरवाल्या हॅरी फर्ग्युसनच्या कंपनीने पी-९९ ही फॉर्म्युला वनची गाडी बनवली. इंजिन पुढे आणि ताकद चारही चाकांना. सप्टेंबर १९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या गोल्ड कपमध्ये, भिजलेल्या ट्रॅकवर, स्टर्लिंग मॉसने ती जिंकून दाखवली. ही शर्यत विश्वविजेतेपदात मोजली जात नव्हती, पण फॉर्म्युला वनची शर्यत चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे चार चाकांच्या गाडीने जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण राहिलं. तेव्हाची इंजिनं दीड लिटरची होती. ट्रॅक कोरडा असता तर त्या ताकदीला मागची दोन चाकं पुरेशी होती, म्हणून पाऊस थांबला तशी या गाडीबद्दलची उत्सुकताही ओसरली. पुढे १९६६ मध्ये इंजिनाची मर्यादा तीन लिटर झाली, कॉसवर्थच्या डीएफव्ही इंजिनाने चारशेच्या वर अश्वशक्ती दिली, आणि १९६८ चा मोसम पावसात भिजला. त्या वर्षी न्युर्बुर्गरिंगवर धुकं आणि पावसात जॅकी स्ट्युअर्ट दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल चार मिनिटं आधी पोहोचला. ताकद आणि पकड यांच्यातली दरी सगळ्यांना डोळ्यांनी दिसली. पुढच्याच वर्षी लोटस, मात्रा आणि मॅक्लारेन यांनी चार चाकांच्या गाड्या उतरवल्या. कॉसवर्थने तर स्वतःची संपूर्ण गाडीच बांधली, पण ती कधी शर्यतीत धावली नाही.

१९६९ सालाकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण तिथे दोन्ही पक्षांना मोकळं मैदान होतं. चार चाकांवर बंदी नव्हती. पैसा होता, त्या काळचे उत्तम चालकही होते. या गाड्यांमध्ये इंजिन उलटं फिरवून बसवलं होतं, म्हणजे त्याची मागची बाजू चालकाच्या पाठीकडे यायची आणि चालक पुढे ढकलला जायचा. पण खरी तक्रार गाडी वळत नाही हीच होती. मग तंत्रज्ञ पुढच्या चाकांचा वाटा कमी करत गेले, आणि तो जसा कमी झाला तशा गाड्या सुधारल्या. त्यांच्या रोगाचं याहून स्पष्ट निदान कोणतं? दरम्यान दुसरीकडे पकड वाढत होती. टायर रुंद झाले, आणि १९६८ मध्ये आलेल्या पंखांनी गाडीला हवेच्या जोराने जमिनीवर दाबायला सुरुवात केली. दरी दुसऱ्याच वाटेने बुजली, आणि त्या वाटेला जादा शाफ्ट लागत नव्हते. स्ट्युअर्टने चार चाकांची मात्रा चालवून पाहिली आणि विश्वविजेतेपद मात्र मागच्या चाकांच्या मात्रामध्ये मिळवलं. विश्वविजेतेपदाच्या शर्यतींत चार चाकांच्या वाट्याला उभ्या इतिहासात एकच गुण आला. तो कॅनडात सहाव्या आलेल्या जॉनी सर्व्होझ-गाव्हॉंचा.

रॅलीत ही वाट बंद होती. बर्फावर, खडीवर, मातीवर पंखांचा फार उपयोग नाही आणि टायर कितीही रुंद केला तरी खालची जमीनच सैल. तिथे पकड वाढणार नव्हती आणि टर्बोमुळे ताकद मात्र झपाट्याने वाढणार होती. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फावर ऑडीच्या चाचण्या चालू होत्या, तेव्हा ७५ अश्वशक्तीची फोक्सवॅगन इल्टिस, म्हणजे लष्करासाठी केलेली जीपच, तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्यांच्या पुढे जाते हे यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याच्या ध्यानात आलं. त्याने ही गोष्ट तांत्रिक विभागप्रमुख फर्डिनांड पीएख यांच्या कानावर घातली. जीपमधली वजनदार यंत्रणा मात्र स्पोर्ट्स कारला परवडणारी नव्हती. ऑडीच्या अभियंत्यांनी काढलेला तोडगा जवळून पाहण्यासारखा आहे. गिअरबॉक्समधला एक शाफ्ट त्यांनी पोकळ केला, लांबी अवघी २६३ मिलिमीटर. त्याच्या मागच्या टोकाला मधलं डिफरन्शिअल. तिथून ताकदीचा एक वाटा मागच्या चाकांकडे जायचा, आणि दुसरा त्याच पोकळ शाफ्टच्या आतून उलट पुढे येऊन पुढच्या चाकांना मिळायचा. वेगळा ट्रान्सफर बॉक्स नको की त्याचं वजन नको. मधल्या डिफरन्शिअलचं महत्त्वही आधी अंगाशी येऊनच कळलं. त्याच्याविना बनवलेला पहिला नमुना गाडी लावताना, अगदी तंग वळणात, उड्या मारायचा, कारण पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि त्यांना एकमेकांशी जखडून ठेवलं होतं. जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एकाला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा फेरा घ्यायचा असेल, तर जू थोडं हलायला हवं, तसंच हे.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हात क्वाट्रो दिसली. पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती. पुढच्या वर्षी मॉन्टे कार्लोच्या बर्फात हानू मिकोलाने दणक्यात आघाडी घेतली आणि मग अपघातामुळे बाहेर पडला. स्वीडनमध्ये तो जिंकला, आणि त्याच वर्षी सानरेमोत क्वाट्रो चालवून मिशेल मूतों जागतिक रॅली जिंकणारी पहिली स्त्री ठरली.

इथे जाणकार वाचक १९८३ चा दाखला पुढे करेल. त्या वर्षी मागच्या चाकांच्या लान्चा ०३७ ने ऑडीला हरवून उत्पादकांचं विजेतेपद मिळवलं, ११८ गुणांविरुद्ध ११६. मग पकडीची ही सगळी कथा कोसळली नाही का? माझ्या मते उलट आहे, ती इथे जास्त पक्की होते. ०३७ हलकी होती, इंजिन चालकाच्या मागे, आणि तिची कमाई प्रामुख्याने डांबरावरची. कॉर्सिकासारख्या ठिकाणी पकड ताकदीच्या जवळ होती, तिथे पुढच्या चाकांचं ओझं नसणं हाच तिचा फायदा. लान्चाला स्वतःला हे कळत होतं, म्हणून जिंकल्यानंतर तिने ०३७ वरच भरवसा ठेवला नाही. १९८५ च्या अखेरीस चार चाकांची डेल्टा एस-४ आणली. ०३७ नंतर मागच्या चाकांच्या एकाही गाडीने ते विजेतेपद मिळवलेलं नाही. आणि तरीही १९८७ मध्ये बीएमडब्ल्यू एम-३ ने आणि १९८८ मध्ये फोर्ड सिएरा कॉसवर्थने कॉर्सिकाची रॅली जिंकली, दोन्ही मागच्या चाकांच्या. गुण गाडीत नव्हता, रस्त्यात होता.

दुसरा आक्षेप चार चाकांच्या बाजूने येतो: हे तंत्र शर्यतींत कधी हरलंच नाही, त्याला नियमांनी मारलं. यात तथ्य आहे. अमेरिकेच्या ट्रान्स-ॲममध्ये ऑडी १९८८ साली जिंकली आणि लगेच दार बंद झालं. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यत निसान जीटी-आरने १९९१ आणि १९९२ मध्ये जिंकली, आणि १९९३ पासून तिला जागाच उरली नाही. ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९६ साली ऑडी ए-४ जिंकली, आणि दोन वर्षांत तिथेही बंदी आली. पण बंदी नसतानाही १९६९ मध्ये हे तंत्र हरलं, ते कसं विसरायचं? बंदीची गरज तिथेच पडली जिथे दरी उघडी होती. टूरिंग कारमध्ये नियमांनीच टायर आणि हवेच्या जोराने गाडी दाबण्याची सोय बांधून ठेवलेली, मग सुरुवातीच्या सुसाट उडीपासून पावसापर्यंत चार चाकांचा फायदा पक्का. निसानची युक्ती तर याच तर्काची साक्ष देते: ती गाडी एरवी मागच्याच चाकांवर चालायची आणि मागची चाकं घसरू लागली की तेव्हाच इलेक्ट्रॉनिक क्लच पुढच्या चाकांना वाटा द्यायचा, जास्तीत जास्त निम्मा. म्हणजे ओझं लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्येही हेच घडलं. पोर्शे ९११ टर्बो १९९५ पासून चार चाकांची झाली, फेरारीने २०११ मध्ये एफएफ आणली. ६०० अश्वशक्ती पावसात मागच्या दोन टायरवर टाकणं परवडेनासं झालं. मग ७०० अश्वशक्तीची पोर्शे जीटी-२ आरएस मागच्याच चाकांची कशी? कारण तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, तिच्या पाठीवर मोठा पंख, आणि तिचे टायर ट्रॅकसाठी केलेले. तिथे दरी पकडीच्या बाजूने बुजवली आहे, १९६९ सारखीच.

उरतो तो आनंदाचा मुद्दा, आणि मागच्या चाकांचे चाहते त्यावर ठाम आहेत. मलाही तो खोटा वाटत नाही. फक्त तो आनंदही याच दरीतून येतो, दरी हाताळता येण्याइतकी लहान असली की. चार चाकांसाठी प्रसिद्ध असलेल्या सुबारूने टोयोटाबरोबर २०१२ मध्ये मागच्या चाकांची छोटी स्पोर्ट्स कार काढली. टोयोटाच्या नावाने ती जीटी-८६ झाली. ताकद २०० अश्वशक्ती, आणि मुद्दाम अरुंद, कमी पकडीचे टायर, प्रियसला मिळणारे. गाडी थोडी सुटावी म्हणून पकडच कमी केली. २०१७ मध्ये तर क्वाट्रोच्या घरातूनच आर-८ ची मागच्या चाकांची आवृत्ती निघाली. पुढचे शाफ्ट काढून टाकलेली, ५० किलो हलकी आणि फक्त ९९९ गाड्यांपुरती. त्याच वर्षीच्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये दोन्ही पक्ष एका पडद्यावर बसवले आहेत. ती एरवी चारही चाकांवर चालते. तिला फक्त मागच्या चाकांवर घ्यायचं असेल, तर चालकाला आधी घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्वतःच्या हाताने पूर्ण बंद करावी लागते.