सतराचा भाव, पंधराची परतफेड

आपल्या मोहल्ल्यात लॉटरीचा विषय निघाला की तो ‘हराम’ या एका शब्दावर संपतो. शब्द खराच आहे. पण ज्याला तिकीट घ्यायचं तो तरीही घेतो. म्हणून मला त्यामागच्या हिशोबाचा इतिहास सांगावासा वाटतो.

इटलीतल्या जेनोआ नगरराज्यात मोठ्या पदांसाठी चिठ्ठ्या टाकून पाच नावं काढत. कोणाचं नाव निघणार यावर लोक पैजा लावू लागले. पुढे नावांच्या जागी १ ते ९० आकडे आले. १७५८ साली हाच खेळ पॅरिसला सुरू झाला. लष्करी शाळेसाठी पैसा उभारायचा होता. योजना पुढे रेटणाऱ्यांत कॅसानोव्हाही होता.

९० पैकी पाच आकडे निघणार. तुम्ही एक आकडा धरलात, तर तो निघण्याची संभाव्यता ९० त ५, म्हणजे १८ त १. भाव मात्र वेगळा मोजतात: हरण्याच्या वाटा ८५, जिंकण्याच्या ५, म्हणजे १७ ला १. गोष्ट एकच, मोजमापं दोन. गल्लत होते ती इथेच.

भाव खरा दिला असता, तर एका नाण्यावर १७ जिंकून, आपलं एक धरून १८ हाती यायला हवी होती. मिळत १५. दोन आकड्यांची जोडी लागण्याची संभाव्यता सुमारे ४०० त १. मिळत २७० पट. चार आकड्यांची ५,११,०३८ त १. मिळत ७५,००० पट. म्हणजे पहिल्या खेळात रुपयातले सुमारे १७ पैसे खजिन्यात राहत, शेवटच्यात ८५. बक्षीस जितकं डोळे दिपवणारं, तितका सौदा वाईट.

१८१९ साली गणिती लाप्लास यांनी फ्रान्सच्या वरिष्ठ सभागृहात या लॉटरीला विरोध केला. १८३६ पासून ती बंद झाली.

मुंबईच्या मटक्यातही हेच. एका आकड्याला साधारण नऊपट, आणि आकडे दहा. १९६९ पासून तर महाराष्ट्र सरकारचीही लॉटरी आहे.

रोजंदारीतून तिकिटाचे पैसे काढणाऱ्याला मी इतकंच विचारतो: भाऊ, सगळी तिकिटं तूच घेतलीस, सगळी बक्षिसंही तुलाच लागली, तर घातलेले पैसे परत येतील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर एका तिकिटाचा सौदाही तसाच तोट्याचा.