होमोजिनियस फंक्शन म्हणजे काय? भाताच्या राशीवरून समजून घ्या

भोर-वेल्ह्यात भाताची झोडणी झाली की खळ्यावर शंकूसारखी रास लागते. मोबाईलने तिची त्रिज्या (त्र) आणि उंची (उ) मोजली, की घनफळ निघतं:

घ = (पाय ÷ ३) × त्र² × उ

दोन्ही मापं दुप्पट करा, घनफळ २³ म्हणजे ८ पट होतं. तिप्पट केलीत तर ३³, म्हणजे २७ पट. म्हणून हे ३ घाताचं होमोजिनियस, म्हणजेच समघाती फलन.

आंशिक अवकलज
एक माप स्थिर ठेवून दुसरं किंचित बदललं, तर घनफळ किती वेगाने बदलतं ते.
• त्रिज्येनुसार: २घ ÷ त्र
• उंचीनुसार: घ ÷ उ
ही दोन्हीही समघाती, पण घात एकने कमी: २.

ऑयलरचं प्रमेय
प्रत्येक माप गुणिले त्याचा अवकलज, यांची बेरीज = घात × मूळ फलन. इथे २घ + घ = ३घ.

उपयोग काय?
उंची १% चुकली तर अंदाज १% चुकतो. त्रिज्या १% चुकली तर साधारण २%. दोन्ही जास्त मोजल्या गेल्या तर जवळपास ३%. राशीचा मध्य आत दडलेला असतो, त्यामुळे त्रिज्याच जास्त चुकते. म्हणून टेपने बुडाचा घेर मोजा आणि ६.२८ ने भागा.